शंका घरी विचाराव्यात

चारशेच्या वर पायलट ज्यांच्या हाताखालून गेले, त्या दिगंबर विद्वांस सरांनी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत विमानात पाय ठेवला नव्हता. नारायण पेठेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. पेठेत पोहायला शिकवणारे गुरुजी कोरडे असतात, लग्नं जमवणाऱ्या काकू स्वतः नवऱ्याशी बोलत नसतात. त्यात एका पायलट क्लासच्या सरांचं काय मोठंसं?

सर कॉमर्सचे पदवीधर. पण विद्वांस आडनाव असलं की पुण्यात कुणी पदवी विचारत नाही. सुरुवातीची पंधरा वर्षं त्यांनी दहावीच्या मुलांसाठी प्रश्नसंच काढले. मागच्या सात वर्षांचे पेपर समोर ठेवून आठव्या वर्षी काय येणार हे ते सांगत आणि तेच येई. प्रश्नाचा अर्थ कळणं ही एक विद्या आणि प्रश्न येणार हे कळणं ही दुसरी. सरांना दुसरी पूर्ण येत होती, त्यामुळे पहिलीची गरज त्यांना कधी पडली नाही.

दोन हजार चार साली शेजारच्या इमारतीतला एक मुलगा अमेरिकेतून विमान चालवायला शिकून परत आला. आपल्याकडचा परवाना मिळवायचा तर इथले लेखी पेपर द्यायला हवेत आणि त्या पेपरांत हा बिचारा तीनदा आपटला. त्याची आई रडत सरांकडे आली. सरांनी मुलाकडून जुने प्रश्न मागवून घेतले, आठवडाभर समोर पसरून ठेवले आणि त्यांच्या लक्षात आलं की हवाई खातं असो वा शालांत मंडळ, प्रश्न काढणारा माणूस शेवटी माणूसच असतो. तो तेच ते प्रश्न फिरवून फिरवून काढतो. मुलगा चौथ्या खेपेला पास झाला. सरांनी दहावीला रामराम ठोकला आणि जिन्याशी नवी पाटी लावली: ‘विद्वांस पायलट क्लासेस. नेव्हिगेशन, हवामान, नियम, टेक्निकलचे दोन. पाचही पेपरांची हमी.’ खाली बारीक अक्षरात: ‘येथे उत्तरे मिळतात. शंका घरी विचाराव्यात.’

क्लासचा प्राण म्हणजे सरांचा चोपडा. लाल कापडी बांधणीचा, साडेतीन हजार प्रश्नांचा. तो वाढायचा कसा, हे ऐकण्यासारखं आहे. परीक्षेला मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला सर पाच आकडे देत. अकरा ते पंधरा तुझे, सोळा ते वीस तिचे. आपल्या वाट्याच्या पाच प्रश्नांत नवं काही आलं तर ते शब्दन् शब्द पाठ करून आणायचं. बाकीचा पेपर चुकला तरी चालेल, पण हे पाच विसरायचे नाहीत. परतीच्या बसमध्ये झोपायचं नाही, गाणी ऐकायची नाहीत, शेजाऱ्याशी बोलायचं नाही, प्रश्न सांडतात. संध्याकाळी स्वारगेटला सर वही घेऊन उभे असत. मुलं बसमधून ओठ हलवत उतरत, सरांपुढे ओळीनं उभी राहत आणि भडाभडा ओकून मोकळी होत. मगच त्यांना चहा मिळे. एकदा एका मुलीला बस लागली आणि नको ते ओकून ती प्रश्नही विसरली, तर सर तिच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

सुरुवातीला सर फक्त अक्षर पाठ करून घेत. अमुक नंबर, बी. तमुक नंबर, डी. मग परीक्षा संगणकावर गेली आणि संगणकाने पर्यायांची अदलाबदल केली. एकोणीस मुलांची अख्खी बॅच एकाच दिवशी, एकाच पेपरात, सगळ्यांना सारखेच मार्क पडून नापास झाली. दुसरा एखादा माणूस खचला असता. सरांनी तीन दिवस विचार केला आणि पद्धत सुधारली. आता अक्षराऐवजी बरोबर उत्तराचे पहिले दोन शब्द पाठ करायचे. याला ते ‘संकल्पना पक्की करणं’ म्हणत.

मध्यंतरी कुणीतरी सुचवलं म्हणून हवामानाच्या पेपरासाठी त्यांनी अनंतराव खांबेटे नावाच्या एका निवृत्त गृहस्थांना ठेवलं होतं. अनंतराव बत्तीस वर्षं वेधशाळेत नकाशे काढत होते. पहिल्याच तासाला त्यांनी ओला रुमाल खिडकीत वाळत घातला आणि मुलांना विचारलं, “यातलं पाणी कुठं गेलं?” तीन दिवस ते पाण्याचाच माग काढत होते. चौथ्या दिवशी ढगापर्यंत पोचले. मुलांनी सरांकडे तक्रार केली की हे सर शिकवतात. दिगंबररावांनी अनंतरावांना आत बोलावलं, शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला आणि म्हणाले, “आपल्या ज्ञानाला आमचा क्लास पुरत नाही.” अनंतराव शांतपणे म्हणाले, “खरं आहे. क्लास लहान नाही, पण पुरत नाही.” नारळ त्यांनी टेबलावरच ठेवला.

सरांचं विक्रमी पोरगं म्हणजे हडपसरचा संभाजी मगर. टेक्निकलला ब्याण्णव. त्याच्या घरच्यांनी चौकात एवढा मोठा फ्लेक्स लावला की सिग्नल दिसेना. सत्कारासाठी संभाजीचे आजोबा गेनबा खुद्द क्लासवर आले. सरांच्या गळ्यात हार घातला आणि खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाले, “सर, पोराला इचारलं, की बाबा, एवढं जड इमान हवंत ऱ्हातंय कसं? तर ते म्हनतंय, आबा, शिलॅबसमधी न्हाय. आता तुमीच सांगा.”

सर हसले. म्हणाले, “इंजिनाच्या जोरावर हो. मोठी इंजिनं असतात.”

“आसं व्हय,” गेनबा म्हणाले. मग जरा विचार करून त्यांनी विचारलं, “पर आमच्या रानावरनं इतकी वर्सं ती ग्लायडरं जात्यात, त्यास्नी तर इंजिनच नसतंय. ती कशी ऱ्हात्यात?”

सरांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत त्यांनी गेनबांना उसाचा भाव विचारला, पाऊसपाणी विचारलं. गेनबांनी सगळ्याची नीट उत्तरं दिली, कारण ते विषय त्यांना समजत होते.

अशा या सरांच्या घरी हेमा जन्मली आणि तिनं बोलायला लागल्या दिवसापासून बापाला भंडावून सोडलं. आकाश निळं का, पंखा फिरला की गार का वाटतं, जिलबी गोल का. सरांचं उत्तर ठरलेलं: “परीक्षेत नाही.” तिची आई श्यामलाबाई बँकेत होत्या. त्या संध्याकाळी घरी येऊन जमतील तेवढ्या प्रश्नांची उत्तरं देत आणि उरलेल्यांना “मला नाही माहीत, शोधूया” असं सांगत. सरांना बायकोचं ते वाक्य फार लागे. माहीत नाही असं घरात उघडपणे बोलायचं म्हणजे काय?

हेमा पायलट व्हायचं म्हणाली तेव्हा सरांना आभाळ ठेंगणं झालं. तिला त्यांनी स्वतः तयार केलं. रोज पहाटे दोनशे प्रश्न. पहिले पहिले ती विचारायची, “पण बाबा, असं का?” सर म्हणायचे, “समजून घ्यायला आख्खं आयुष्य पडलंय. पेपर मंगळवारी आहे.” हळूहळू तिनं विचारणं सोडलं. घर कसं शांत झालं. सरांना वाटलं, पोरगी हुशार झाली.

पाचही पेपर तिनं पहिल्या फटक्यात काढले. मग विदर्भातल्या एका फ्लाइंग स्कूलला गेली, परवाना घेतला, पुढचं शिक्षण केलं आणि दोन हजार अठराच्या हिवाळ्यात एका विमान कंपनीत को-पायलट म्हणून लागली. सरांनी पेढे वाटले आणि क्लासच्या माहितीपत्रकावर तिचा गणवेशातला फोटो छापला.

मे महिन्यात श्यामलाबाईंच्या भाचीचं लग्न नागपूरला निघालं. हेमा एका सकाळी घरी आली आणि जेवणाच्या टेबलावर दोन तिकिटं ठेवून म्हणाली, “सतरा तारखेला पुणे-नागपूर. त्या विमानावर माझी ड्यूटी आहे. आई-बाबा, तुम्ही दोघांनी माझ्या विमानातून यायचं.”

श्यामलाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

“माझा गुडघा,” सर म्हणाले.

“विमानात बसायचं असतं,” हेमा म्हणाली. “चालत नाही न्यायचं तुम्हाला.”

“तसं नाही गं. जूनच्या बॅचची रिव्हिजन आहे. शिवाय ट्रेनला कसं, खिडकी असते, गावं दिसतात...”

श्यामलाबाई पोळी लाटता लाटता आतून म्हणाल्या, “चारशे पोरं वर पाठवलीत, तेव्हा नाही गुडघा दुखला.”

हेमा हसली नाही. ती समोरची खुर्ची ओढून बसली. लहानपणी बसायची तशीच, एक पाय खाली घेऊन. म्हणाली, “बाबा, माझ्या विमानात बसायला भीती वाटते का तुम्हाला?”

“छे! काहीतरीच.”

पण वाटत होती. आणि ती कुठली होती हे जगात एकट्या सरांनाच ठाऊक होतं. लोक घाबरतात ते अज्ञानापोटी. सर घाबरले होते माहितीपोटी. त्या पोरीला काय काय येतं हे त्यांना साडेतीन हजार दुणे सात हजार शब्दांत तोंडपाठ होतं, कारण त्यांनीच तिला ते दिलं होतं, आणि त्याच्या पलीकडे त्यांनी काही दिलेलं नव्हतं. लोकांच्या पोरांच्या बाबतीत हा विचार त्यांना पंधरा वर्षांत एकदाही शिवला नव्हता. स्वतः बसायची वेळ आली तेव्हा तो आला आणि छातीवर येऊन बसला.

ते उठले, कपाटातून चोपडा काढला आणि उगाच हसत म्हणाले, “बघू तरी, विसरलीस का. आठशे बारा.”

“व्हेक्टर, उजवीकडे.”

“एकोणीसशे चार.”

“तीस मिनिटं.”

“सव्वीसशे...”

“साठ? लाल, स्थिर.”

प्रश्न पुरता बाहेर पडायच्या आत उत्तर येत होतं. अगदी सरांनी शिकवलं होतं तसं. एरवी त्यांची छाती फुगली असती. आज प्रत्येक बरोबर उत्तरागणिक ते जास्त घाबरत होते. दहा झाले, वीस झाले, एकही चूक नाही. सरांच्या कपाळावर घाम आला. श्यामलाबाईंनी आतून डोकावून पाहिलं आणि पंखा वाढवला.

“दोनशे सतरा,” सर म्हणाले. “जास्त दाबाच्या प्रदेशातून कमी दाबाच्या प्रदेशात जाताना अल्टिमीटर...”

“ओव्हर रीड. खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवतो.”

सरांनी चोपड्यात पाहिलं. बरोबर होतं. त्यांनी बोट त्या ओळीवर ठेवलं, घसा साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुठल्याही विद्यार्थ्याला कधी न विचारलेला शब्द विचारला.

“का?”

हेमा त्यांच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “हाच प्रश्न मला इन्स्ट्रक्टरनं विचारला होता, बाबा. पहिल्या महिन्यात. विमानात. हवेत. मी म्हणाले, ओव्हर रीड. तो म्हणाला, का? आणि मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, ‘सर, दोनशे सतरा.’”

सरांनी ओळीवरचं बोट उचललं.

“त्यानं कंट्रोल स्वतःकडे घेतले, विमान उतरवलं, एक जाडजूड पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि सांगितलं, हे समजल्याशिवाय धावपट्टीकडे यायचं नाही. बाकीची मुलं उडत होती आणि मी महिनाभर शेडमध्ये बसून ते वाचत होते. बेचाळीस डिग्रीत. पहिले आठ दिवस नुसती रडत होते. तुम्हाला फोनवर सांगायचे, हवा चांगली नाही म्हणून फ्लाइंग बंद आहे.”

“मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगणार होते, बाबा?” हेमा म्हणाली. तिनं टेबलावरची मिठाची बरणी उचलून दोघांच्या मध्ये धरली. “हे विमान. अल्टिमीटर उंची मोजतच नाही. तो फक्त बाहेरच्या हवेचा दाब मोजतो. वर जाऊ तसा दाब कमी होतो, म्हणून दाब कमी झाला की तो समजतो, आपण वर आलो. आता इथून निघाले आणि पुढच्या गावी मुळातच हवेचा दाब कमी आहे. काटा समजतो विमान वर चढलं. मी काट्यावर विश्वास ठेवून विमान थोडं खाली आणते. पुन्हा दाब कमी, पुन्हा थोडं खाली.” बरणी हळूहळू खाली आली आणि ताटाच्या कडेला लागून वाजली. “काटा पाच हजारांवरून हललेला नाही. आणि डोंगर समोर. म्हणून जिथं जायचं तिथला दाब आधी विचारून घ्यायचा आणि काटा लावून घ्यायचा. दरवेळी.”

सरांनी चोपड्यात पाहिलं. तिथं दोन शब्द होते. त्यांनी पान उलटून पाठीमागे पाहिलं. तिथं दोनशे एकोणीस होता. पंधरा वर्षं त्यांची समजूत होती की विमानाच्या पोटाखाली काहीतरी टेपसारखं यंत्र असतं आणि ते जमिनीपर्यंतचं अंतर मोजतं. समजूत तरी कसली; विचार करायची वेळच आली नव्हती.

“हे... बरोबर आहे?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही सांगा ना,” हेमा म्हणाली. “तुम्ही सर आहात.”

ती हे टोचून बोलली नाही. खरोखर विचारलं तिनं, त्यामुळेच सरांना ते सहन झालं नाही. पोरगी समोर बसून समजावतेय, डोळे चमकतायत, सगळं पटण्यासारखं वाटतंय, आणि ती खरं बोलतेय की नाही हे ठरवायला त्यांच्याजवळ काही म्हणजे काही नव्हतं. त्यांना भयंकर लाज वाटली. त्या लाजेतही एक बारीकसा दिलासा होता: हे जे काय आहे ते हिला आपण शिकवलेलं नाही. म्हणजे मग बसायला हरकत नाही.

सतरा तारखेला सर विमानात बसले. पट्टा त्यांनी एवढा आवळला होता की हवाई सुंदरीला तो सैल करावा लागला. त्याआधी, चढताना, दाराशी हेमा दोन मिनिटं उभी होती, गणवेशात. तिनं आईला मिठी मारली आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. मग माईकवर तिचा आवाज आला, नागपूरचं हवामान सांगत, आणि श्यामलाबाई शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाल्या, “माझी मुलगी.” विमान लोहगावच्या धावपट्टीवरून उठलं. सरांनी डोळे मिटून घेतले ते नागपूर येईपर्यंत उघडले नाहीत. पण उतरताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की बघणाऱ्याला वाटावं, विमान त्यांनीच आणलं.

लग्नात मग काय विचारता? मांडवात सर खुर्चीवर बसले आणि भोवती माणसं. चारशे पायलट घडवले, मुलगी स्वतः घेऊन आली, वगैरे वगैरे. सरांनी कुणालाही अडवलं नाही.

परतीचंही तिकीट विमानाचंच होतं, पण त्या दिवशी हेमाची ड्यूटी चेन्नईला होती. श्यामलाबाई विमानतळावर रांगेत उभ्या राहिल्या आणि सर थेट काउंटरपाशी गेले.

“आज विमान कोण चालवणार आहे?” त्यांनी विचारलं.

काउंटरवरची मुलगी हसली. “आमचे सगळे पायलट अनुभवी आहेत, सर.”

“ते असतील. नाव काय? शिकलेत कुठं? लेखी पेपरांचा क्लास कुठला लावला होता?”

“सर, ती माहिती आम्हाला देता येत नाही.”

“पुण्यातला होता का, एवढं तरी सांगा.”

मागे रांग खोळंबली होती. सर बाजूला झाले. काचेतून समोर एक पांढऱ्या शर्टाचा तरुण, खांद्यावर पट्ट्या, ट्रॉली बॅग ओढत विमानाकडे चालला होता. चालता चालता त्याचे ओठ हलत होते. तो कदाचित च्युइंगम खात असेल. कदाचित गाणं म्हणत असेल. सर मागे वळले.

“श्यामला,” ते म्हणाले, “तू हो पुढं. मी ट्रेननं येतो.”

श्यामलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. “मी जाऊ म्हणता या विमानानं? मी गेलेली चालेल?”

सरांना तोंडात मारल्यासारखं झालं. “तूही चल ट्रेननं,” ते म्हणाले. पण त्या काही ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. “मी बसते,” त्या म्हणाल्या. “ज्यांनी अशी पोरं पास केली ते भितायत, पण तो पोरगा स्वतः त्यातच बसणार आहे. त्याला जिवाची काळजी असेल. एवढं मला पुरे.” आणि पिशवी उचलून त्या आत निघून गेल्या.

त्या सव्वा तासात पुण्यात पोचल्या. सर सोळा तास ट्रेनमध्ये होते. खिडकी होती, गावं दिसत होती. बडनेऱ्याला समोरच्या बाकावर एक शिक्षक येऊन बसले, अमरावतीकडचे. बोलता बोलता सरांचा धंदा त्यांना कळला आणि ते ताठ बसले.

“काय योग बघा! माझ्या पोराला पायलटच व्हायचंय. पण त्याला एक खोड आहे. सारखं का, कसं, का, कसं. पेपरात टिकेल का तो?”

सर खिडकीबाहेर बघत होते. त्यांना म्हणायचं होतं, त्याला माझ्याकडे पाठवू नका. वाक्य अगदी ओठांपर्यंत आलं. एका बापानं दुसऱ्या बापाशी बोलावं असं ते साधं वाक्य होतं.

“तुमची स्वतःची मुलगी पायलट आहे म्हणालात,” शिक्षक म्हणाले. “तिलाही होती का अशी सवय?”

“होती,” सर म्हणाले.

“मग? काय केलंत?”

एक स्टेशन न थांबता मागे गेलं.

“मोडली,” ते म्हणाले, आणि शिक्षक आदरानं मान हलवू लागले तसा त्यांनी खिशातून क्लासचा पत्ता छापलेला कागद काढून त्यांच्या हातात दिला.